आईच्या पाटल्या ठेवून फायरची डिग्री घ्यावी का?

पत्र बडोद्याचंच आहे. थोडं कापून देतोय.

"काका नमस्कार. मी मांजलपूरला राहतो, यंदा बारावी सायन्स झालो, ए ग्रुप (मॅथ्सवाला), ६२ टक्के. पप्पा नंदेसरीला केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर आहेत. आमच्या ट्यूशनला एका इन्स्टिट्यूटचे सर आले होते, त्यांच्याकडे तीन वर्षांची बीएस्सी फायर अँड सेफ्टी आहे, वर्षाला १ लाख ४० हजार, होस्टेल वेगळं. शंभर टक्के प्लेसमेंट, गल्फला पण पाठवतात म्हणे. १० हजार टोकन भरलंय. सर म्हणाले एज्युकेशन लोनच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो, गोल्ड लोन घ्या, म्हणून पप्पा आईच्या पाटल्या ठेवायला निघालेत. मामा म्हणतो करायचंच तर नागपूरला कर. आजी म्हणते आगीत उड्या मारायला शिकवलं का एवढं. मला लहानपणापासून फायर ब्रिगेडचं वेड आहे, दांडिया बाजारच्या फायर स्टेशनसमोर तासन् तास उभा राहायचो. मला थोडा नंबर आहे, दीडचा, पण त्याने काही फरक पडत नाही असं सर म्हणाले. काय करू?"

काय रे, एवढ्या मोठ्या पत्रातली मुख्य गोष्ट तू अगदी शेवटी "थोडा नंबर आहे" म्हणून उरकून टाकलीस! मी तिथेच अडलो. दीड नंबर म्हणजे चष्मा काढला की दांडिया बाजारच्या गाडीवरचा नंबर तुला रस्त्याच्या पलीकडून वाचता येणार नाही, आणि तू ज्या कामाचं स्वप्न बघतोयस ना, लाल गाडीवर बसून जायचं, त्या कामात पहिली चाळणी हीच असते. मामा म्हणतो ते नागपूर म्हणजे नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज, त्यांच्या बी.ई. फायरला मुलांसाठी वर्षानुवर्षं अट काय आहे, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६, आणि दोन्ही डोळे बिनचष्म्याचे ६/६, रंगांधळेपणा चालत नाही. सीआयएसएफमध्ये कॉन्स्टेबल फायर म्हणून बारावी सायन्सच्या पोरांना घेतात, तिथे उंची १७० लागते, ५ किलोमीटर २४ मिनिटांत पळावं लागतं आणि नजरही बिनचष्म्याचीच तपासतात. एअरपोर्टच्या फायर सर्व्हिसलाही उंची, वजन, डोळे सगळं मोजूनमापून घेतात. चष्मा धुरात काळा होतो, वाफ धरतो, तोंडावर बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास घ्यायच्या उपकरणाचा, मास्क चढवला की दांड्यांमुळे सील बसत नाही आणि फटीतून धूर आत शिरतो. नियम कोणी उगाच छळायला केलेला नाहीये.

आता सर म्हणाले फरक पडत नाही. बरोबर आहे, त्यांना नाहीच पडत, फी चष्मा लावूनही भरता येते. पण ज्या माणसाने "फायर"च्या नावावर तुझ्याकडून १० हजार घेतले आणि उंची किती, नजर किती, पोहता येतं का हे एकदाही विचारलं नाही, त्याला तू पुढे काय होणार याच्याशी किती देणंघेणं आहे ते तूच ठरव. लेसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, करून घेतो असं आत्ता तुझ्या डोक्यात आलं असेल, तर थांब, काही भरत्यांमध्ये लेसिक केलेले डोळे चालत नाहीत, आधी त्या त्या भरतीच्या मेडिकलच्या अटी नीट वाच मग डॉक्टरकडे जा, आणि शिवाय अठराव्या वर्षी नंबर अजून हलत असतो.

मी कोण सांगणारा, तर मी २७ वर्षं आपल्याच पट्ट्यातल्या केमिकल प्लांटमध्ये काढलीत, पहिली दहा मेंटेनन्सला, नंतरची सगळी सेफ्टीला. म्हणून "फायर अँड सेफ्टी" हे नाव ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, की यातलं नक्की कुठलं? कारण लोकांना हे एक काम वाटतं आणि आत तीन वेगळी कामं आहेत, तिघांचे पगार वेगळे, कपडे वेगळे, आणि आत जायची दारंही वेगळी.

एक म्हणजे आग विझवणारा, म्हणजे तुझं वेड. महानगरपालिकेची ब्रिगेड, एअरपोर्ट, रिफायनरीचं फायर स्टेशन. यात आग कमी आणि बाकीचं जास्त असतं हे तू स्टेशनसमोर उभा राहून बघितलंच असशील, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा हीच मंडळी बोटी घेऊन गल्ल्यांतून फिरत होती. या लाइनीत डिग्रीपेक्षा अंग, ड्रायव्हिंग लायसन्स आणि ठरावीक कोर्सचं नाव चालतं. इंडियन ऑइलच्या रिफायनरीसाठी, म्हणजे आपल्या कोयलीला पण धरून, फायर अँड सेफ्टीच्या ज्युनियर इंजिनियरिंग असिस्टंटची जाहिरात निघते ना, तिच्यात पात्रता काय लिहितात बघ, दहावी, नागपूरचा सब-ऑफिसर कोर्स किंवा मान्यताप्राप्त ठिकाणचा त्याच्या बरोबरीचा रेग्युलर कोर्स, आणि हेवी व्हेइकलचं लायसन्स. तीन वर्षांची बीएस्सी त्या ओळीत नाहीये. म्हणजे सव्वाचार लाख भरून जी डिग्री घेशील ती त्या जाहिरातीत कुणी मागितलेलीच नाही, आणि जे मागितलंय ते तुझ्याकडे नसेल.

दुसरं काम सेफ्टी ऑफिसरचं, पप्पांच्या प्लांटमध्ये पांढरं हेल्मेट घालून परमिटवर, म्हणजे धोक्याच्या कामाच्या परवानगीवर, सही करायला येतो तो. आणि तिसरं डिझाइनचं, बिल्डिंगमध्ये किंवा प्लांटमध्ये हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची, लाइन कुठून जाणार, पंप केवढा, पाण्याची टाकी केवढी, सगळ्यात लांबच्या स्प्रिंकलरला प्रेशर किती पोचणार हे कागदावर गणित मांडून ठरवणारा. हा माणूस एसीत बसतो, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४ आणि अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचे कोड उघडून, आणि आगीच्या जवळपासही जात नाही. याला चष्मा चालतो. सेफ्टी ऑफिसरलाही चालतो. म्हणजे तुझ्या डोळ्यांनी तीनातलं एक दार जवळजवळ बंद केलंय, दोन उघडी आहेत, आणि गंमत अशी की त्या दोन्ही दारांवर पाटी इंजिनियरिंगचीच आहे.

सेफ्टी ऑफिसरचं नीट समजून घे कारण पप्पांच्या डोक्यात तेच असणार. हे पद कंपनीच्या मर्जीवर नसतं, कायद्यात आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४०-ब प्रमाणे १००० किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा, धोकादायक कारखान्यांना राज्य सरकार वेगळं सांगू शकायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले, त्यात ही संख्या ५०० वर आणली आणि धोकादायक प्रक्रिया असेल तिथे २५० वर, म्हणजे नंदेसरी, दहेज, अंकलेश्वर असल्या ठिकाणी जागा वाढायला वाव आहे, हे तुझ्या बाजूचं. पण कोणाला नेमायचं हेही नियमातच लिहिलेलं असतं. आत्तापर्यंत राज्याराज्यांच्या नियमांचा साचा असा राहिलाय की इंजिनियरिंगची डिग्री आणि फॅक्टरीत सुपरवायझर म्हणून दोन वर्षं, किंवा फिजिक्स-केमिस्ट्रीची डिग्री आणि पाच वर्षं, आणि याच्या वर सरकारने मान्य केलेला इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. आणि हो, बहुतेक कामगारांची भाषा आली पाहिजे. तुला मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात, हे बडोद्याच्या पोराला फुकटात मिळालेलं क्वालिफिकेशन आहे. बाहेरून आलेले चांगले चांगले इंजिनियर टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधी सेफ्टीचं चार शब्द सांगायला, उभे राहिले की समोरचे कामगार नुसते माना डोलावताना मी पाहिलेत.

आता सांग, "बीएस्सी फायर अँड सेफ्टी" यात कुठे बसते? इंजिनियरिंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्री पण नाही. कुठल्या तरी कंपनीत एचआरवाला चालवून घेईल, पण फॅक्टरी इन्स्पेक्टर, म्हणजे आपल्याकडे डिशचं (औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य खात्याचं) ऑफिस, कागद मागेल तेव्हा काय? त्या सरांना फोन कर आणि एवढंच विचार, "सर, या डिग्रीवर मला कायद्याने सेफ्टी ऑफिसर म्हणून नेमता येईल का, लेखी देता का?" आणि तोच प्रश्न घेऊन बडोद्याच्या डिशच्या ऑफिसातही एक चक्कर मार, नवीन कोडचे नियम लागू होतायत तर आत्ता काय धरतात ते तिथेच कळेल. पैसे भरायच्या आधी.

एक किस्सा सांगतो. आम्हाला फायर-सेफ्टीला एक माणूस घ्यायचा होता, कॉन्ट्रॅक्टवर नव्हे, रोलवर. दोन पोरं शेवटपर्यंत आली. एकाकडे अशीच तीन वर्षांची डिग्री, सर्टिफिकेटांची जाडजूड फाइल, टाय. दुसरा मेकॅनिकल डिप्लोमा, पाच वर्षं मेंटेनन्सला, नखांत ग्रीस. मी दोघांनाही एकच विचारलं, पंप हाऊसमध्ये जॉकी पंप, म्हणजे फायरच्या लाइनीत प्रेशर टिकवणारा छोटा पंप, दर दहा मिनिटांनी आपोआप उचलतोय, कुठेही आग नाही, कोणी होज उघडलेला नाही, काय समजायचं? पहिल्याने मला फायर ट्रँगल सांगितला. हवा, उष्णता, इंधन. दुसरा म्हणाला साहेब लाइन कुठेतरी लीक आहे, जमिनीखालची असली तर दिसणार नाही, नाहीतर पंपाचा एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, पास होतोय आणि पाणी मागे टाकीत चाललंय, आधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर टिकतं का बघीन, टिकलं तर मागे दोष, नाही टिकलं तर लाइन सेक्शन सेक्शन बंद करत जाईन. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि त्याला चहा मागवला. आता पहिल्या पोराची यात काय चूक होती? काहीच नाही रे, हुशार होता, पण तीन वर्षांत त्याने चालू पंप हाऊस एकदाच बघितलं होतं, तेही बसने ट्रिप गेली होती तेव्हा. पोराने आणि त्याच्या बापाने पैसे मोजले आणि शिकवायला त्यांच्याकडे पंपच नव्हता.

म्हणून इन्स्टिट्यूट बघायला जाशील तेव्हा बिल्डिंग, वाय-फाय, गल्फला गेलेल्या पोरांचे फोटो हे सगळं सोड आणि विचार की ड्रिल ग्राउंड कुठे आहे, हायड्रंट लाइन चालू आहे का, आत्ता माझ्यासमोर सुरू करून दाखवा. बीए सेट किती आणि त्यांचे सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर आहे का. दाखवायला टाळाटाळ झाली की परत फिर, वाटेत सेव उसळ खा आणि घरी ये.

आता कागदाचं. तुझ्या पत्रावरून इन्स्टिट्यूट गुजरातमधलीच दिसते, पण डिग्री कोणाची? इन्स्टिट्यूट डिग्री देऊच शकत नाही, १९५६ च्या यूजीसी ॲक्टप्रमाणे डिग्री युनिव्हर्सिटीच देते. मग ही कुठली युनिव्हर्सिटी, आणि ती गुजरातची आहे की लांबच्या कुठल्या राज्यातली? कारण दुसऱ्या राज्यातल्या खासगी युनिव्हर्सिटीला इथे "स्टडी सेंटर" किंवा फ्रँचायझी टाकून रेग्युलर डिग्री वाटता येत नाही, २००५ मध्ये छत्तीसगडच्या खासगी युनिव्हर्सिट्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कान टोचल्यापासून यूजीसी हे परत परत सांगत आलीये. हॉलमध्ये लावलेलं आयएसओ सर्टिफिकेट म्हणजे मान्यता नव्हे, आणि "गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड" तर आमच्या सोसायटीचं गणेश मंडळ पण आहे.

आणि यातच ते गोल्ड लोनचं आलं, जे वाचून मी खरं म्हणजे सगळ्यात जास्त चिडलो. एज्युकेशन लोन देताना बँक कोर्स मान्यताप्राप्त आहे का ते तपासते, ॲडमिशन लेटर बघते, फी सरळ कॉलेजच्या खात्यात टाकते. म्हणजे फुकटात एक तपासणी होते. गोल्ड लोनवाला काहीच तपासत नाही, तो फक्त पाटली घासून बघतो. मग ज्याला तपासणी नको असेल तो तुला कुठे पाठवणार? उद्याच पप्पांना घेऊन आपल्या बँकेत जा आणि मॅनेजरला म्हण या कोर्सला लोन द्याल का. त्याने कोर्सचं नाव बघून तोंड वाकडं केलं तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. शिवाय एज्युकेशन लोनचा हप्ता साधारण कोर्स संपून वर्षभराने सुरू होतो, जुनी टॅक्स पद्धत घेतली असेल तर व्याजावर टॅक्सची सूट मिळते, उलट गोल्ड लोन बहुतेक वर्षभराचं असतं, दर वर्षी रिन्यू करत बसा आणि चुकलं तर लिलावाची नोटीस.

हिशोब मांडू का? फी ४ लाख २० हजार. होस्टेल-मेस महिन्याला ७ हजार धरलं, वर्षाचे दहा महिने, तीन वर्षं, २ लाख १० हजार. झाले ६ लाख ३०. युनिफॉर्म, ट्रिप, "इंटरनॅशनल सर्टिफिकेट"ची वेगळी फी हे सगळं मी धरलेलंच नाही, आणि ते मागणारच. यातले ६ लाख ११ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो १० हजार २७० च्या आसपास. मी रिटायर व्हायच्या सुमाराला आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरमार्फत येणाऱ्या फायर-सेफ्टीच्या नव्या पोराच्या हातात १५ ते १८ हजार पडायचे, बारा तासांची ड्यूटी वेगळीच. आता थोडे वाढले असतील. तरी त्यातून दहा हजार हप्ता वजा कर आणि बसभाडं, मोबाइल, घरी द्यायचे पैसे कुठून काढणार ते मला सांग. प्लेसमेंट शंभर टक्के होतेही, खोटं नाही बोलत ते, फक्त कुठे आणि किती पगारावर हे विचारायचं राहून जातं. मागच्या बॅचच्या दहा पोरांचे नंबर माग, त्यांनी निवडून दिलेले नव्हे, हजेरीच्या यादीतून सलग दहा, आणि एकेकाला फोन लाव.

गल्फचं पण बघ, तिथे नेबॉशचं नाव चालतं, ती इंग्लंडची परीक्षा आहे, डिग्री नव्हे, इंटरनॅशनल जनरल सर्टिफिकेट काही आठवड्यांच्या अभ्यासात होतं आणि कुणालाही देता येतं. ते पाच वर्षं काम केलेल्या इंजिनियरच्या हातात दिसलं तर त्याला किंमत, बावीस वर्षांच्या फ्रेशरच्या हातात नुसता कागद. आत्ता त्याच्यावर एक पैसा घालू नकोस, पुढे कंपनी स्वतः करून घेते.

मामा चुकीचं सांगत नाहीये हां. नागपूरचं कॉलेज केंद्र सरकारचं, गृह मंत्रालयाखालचं, १९५६ पासूनचं, तिथली बी.ई. फायर आणि कोचीनच्या कुसाट युनिव्हर्सिटीची बी.टेक. सेफ्टी अँड फायर ही खरीखुरी इंजिनियरिंगची शिक्षणं आहेत, इंडस्ट्रीत नाव आहे. नागपूर तुझ्या डोळ्यांमुळे अवघड. कुसाटची एन्ट्रन्स आणि मेडिकलच्या अटी स्वतः वाचून बघ, लागलं तर जरूर जा, त्याला मी लोन काढायलाही हो म्हणेन. पण त्यातली एक गोष्ट मला नेहमी मजेची वाटते, एअरपोर्ट ऑथॉरिटी ज्युनियर एक्झिक्युटिव्ह फायर सर्व्हिस घेते तेव्हा पात्रतेत फायर इंजिनियरिंगच्या शेजारीच मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइल लिहिलेलं असतं. म्हणजे फायरवाला फक्त फायरच्या जाहिरातीत जाऊ शकतो आणि मेकॅनिकलवाला फायरच्याही आणि बाकीच्या पन्नास जाहिरातींतही. अमेरिकेतसुद्धा तसंच आहे, बडोद्यात प्रत्येकाचं कोणी ना कोणी न्यू जर्सीला असतंच म्हणून सांगतो, तिकडे मेरीलँड युनिव्हर्सिटीत फायर प्रोटेक्शन इंजिनियरिंगची वेगळी डिग्री मिळते, वूस्टरच्या पॉलिटेक्निकमध्ये मास्टर्स आहे, आणि अशा मास्टर्सला मेकॅनिकल करून जाता येतं. ते आत्ता डोक्यात घेऊ नकोस, फक्त दार बंद होत नाही एवढं कळावं.

माझं म्हणणं सरळ सांगतो. मेकॅनिकल किंवा केमिकल घे. एसीपीसीच्या, म्हणजे गुजरातच्या इंजिनियरिंग प्रवेश समितीच्या, ॲडमिशनमध्ये उतर, कलाभवनला, म्हणजे आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीला, लागलं तर सोनंच, सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या त्या जागेतून आजही अर्ध्या गुजरातचे प्लांट चालवणारी माणसं निघतात, आणि तू मांजलपूरहून घरचा डबा घेऊन जाशील, होस्टेलचे २ लाख १० हजार तिथेच वाचले. ६२ टक्के आणि गुजकेटवर, म्हणजे गुजरातच्या एन्ट्रन्सवर, तिथलं मेकॅनिकल नाही लागलं तर जीटीयूचं (गुजरात टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचं) सरकारी कॉलेज बघ, गाव थोडं लांब असलं तरी. खासगी कॉलेज शेवटी. आणि तुझ्या मार्कशीटवर टक्क्यांबरोबर पर्सेंटाइल रँक लिहिलेली असते ती बघ, ८० किंवा वर असेल आणि घरचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत ट्यूशन फीचे निम्मे पैसे, ठरावीक मर्यादेपर्यंत, मिळतात, यासाठी एजंट लागत नाही. इंजिनियरिंग नकोच वाटलं तर केमिस्ट्रीची साधी बीएस्सी पण त्या बीएस्सी फायरपेक्षा बरी, स्वस्त आहे आणि नियमात तिचं नाव तरी आहे.

यात वेळ जास्त जातो, ते लपवत नाही. चार वर्षं डिग्री, दोन वर्षं प्लांटमध्ये, मग एक वर्ष सेफ्टीचा डिप्लोमा, मुंबईला सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटचा किंवा राज्याने मान्य केलेला दुसरा कुठला. सात वर्षं. तुझा ट्यूशनचा मित्र तीन वर्षांत "फायर ऑफिसर"चा बॅज लावून फोटो टाकेल तेव्हा तुझं थर्ड इयरचं सबमिशन चालू असेल आणि पोटात दुखेल, दुखू दे. दोन वर्षं प्लांटला काढशील ती पगारी असतील, आणि त्या दोन वर्षांत शिफ्टला उभं राहून व्हॉल्व्ह, लाइन, पंप, गॅस टेस्ट, हॉट वर्क परमिट हे सगळं हाताखालून जातं, ते कुठली इन्स्टिट्यूट विकत देत नाही. डिझाइनकडे जायचं असेल तर डिप्लोम्याचीही गरज नाही, बडोद्यात इंजिनियरिंग कन्सल्टन्सी भरपूर आहेत, तिथे पायपिंगला लाग आणि कोणी स्प्रिंकलरचं काम घेत नसेल ते मागून घे.

मागणी आहे का, हे तू विचारलं नाहीस पण पप्पा विचारतील. आहे, आणि वाईट कारणाने आहे. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये ट्यूशनची २२ मुलं गेली, पाच वर्षं आणि एका दिवसाने, २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ माणसं. दर वेळी त्यानंतर आठवडाभर सगळीकडे सील, नोटिसा, एनओसीची धावपळ, आणि त्याच्या पाठोपाठ पेपरात "फायर सेफ्टीत करिअर करा"च्या जाहिराती. गुजरातने एनओसीच्या कामाला खासगी फायर सेफ्टी ऑफिसर धरायची पद्धतही आणली, म्हणजे जाणकार माणसाला काम आहे. पण पुढच्या आगीपर्यंत सगळं थंड होतं हेही मी बघत आलोय, म्हणून एकाच शब्दावर उभी असलेली डिग्री नको म्हणतो.

आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. १४ एप्रिलला फायर सर्व्हिस डे पाळतात तो १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ फायरमन गेले त्यांच्यासाठी. आजीला सांग की चष्म्याने तिचंच ऐकलंय. पण तुझं वेड मारू नकोस, आपल्याकडे सिव्हिल डिफेन्समध्ये स्वयंसेवक घेतात, आग विझवायचं आणि बचावाचं ट्रेनिंग देतात, बडोद्याच्या ऑफिसात नाव घालून ठेव, कॉलेज सांभाळून होतं.

या आठवड्यात करायचं ते असं. टोकन परत मागायचं लेखी पत्र दे, ईमेलही कर, तोंडी नको. युनिव्हर्सिटी खरी असेल तर यूजीसीचे फी परतीचे नियम तिला लागू होतात. नसेल आणि दहा हजार बुडाले तर बुडाले, त्यांच्यामागे अजून सहा लाख पाठवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन नंबर आणि रंगाची टेस्ट, दोन्ही कागदावर घे. आणि पप्पांना सांग, उद्या शिफ्टला गेले की त्यांच्या प्लांटच्या सेफ्टी ऑफिसरला चहाला थांबवून विचारायचं, साहेब तुम्ही काय शिकलात आणि पहिली नोकरी कुठल्या खात्यात केली. तो काय म्हणाला ते मला कळव, आणि तोपर्यंत पाटल्या आईच्या हातातच असू देत.